संगणकाच्या दारावरची वर्दी

जुन्या वाड्यांना देवडी असे व देवडीवर पहारेकरी बसे. दार अडवून धरणें एवढेंच त्याचें काम नव्हतें. आलेल्या माणसाची पारख करणें हें त्याचें खरें काम होतें. घरचे जांवई आले तर ते थेट माजघरापर्यंत जात. कोणी कागद घेऊन आला तर त्यास ओटीवर बसवून आंत वर्दी दिली जाई, आणि मालकांची पूजा व जेवण उरकल्यावर त्याची भेट होई. कांहीं खपवावयास आलेल्या फिरस्त्यास दिंडींतूनच 'आज नको' म्हणून परत धाडलें जाई. मुलांचा अभ्यास, वडिलांची संध्या, स्त्रियांची दुपारची विश्रांति, हीं सारीं त्या एका माणसाच्या तारतम्यावर निर्विघ्न चालत.

आतां वाडे गेले, देवडी गेली, पहारेकरीहि गेला. येणाऱ्यांची रीघ मात्र कमी झाली नाहीं. तिनें मार्ग बदलला एवढेंच. घरांतील संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोंपऱ्यांत वरचेवर एक लहानशी चौकट सरकत येते, कानाशीं टिंग् असा नाद होतो, आणि लिहीत बसलेल्या माणसाची मान तिकडे वळते. इंग्रजींत तिला नोटिफिकेशन म्हणतात. मराठींत तिला 'सूचना' असें नांव पडलें आहे. परंतु आमच्या मतें तें नेमकें नाहीं. सूचना हिताची असते असा आपला संस्कार आहे, म्हणून सूचना म्हटली कीं आपण ती वाचतोंच. 'वर्दी' म्हणजे कोणीतरी दाराशीं आल्याचें कळविणें. त्यास आंत घ्यावें कीं न घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार मालकाचा. आज संगणकाच्या दाराशीं कोणीं केव्हां यावें हें बहुतेक घरीं संगणकाचे कर्ते व संकेतस्थळांचे चालक ठरवितात. तें घरच्यांनीं ठरवावें, आणि तें ठरविणें वाटतें तितकें अवघड नाहीं, हें दाखवावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

वर्दीचें मोल कोण देतो?

आपल्या देशांत १८५५ सालीं तार सामान्य लोकांस खुली झाली आणि १५ जुलै २०१३ पासून ती सेवा बंद झाली. ह्या दीडशें वर्षांत तारवाला दाराशीं आला कीं घरांत सर्वांच्या छातींत धस्स होई. असें कां होई? तार क्वचित् येई म्हणून. आणि ती क्वचित् येई ह्याचें कारण असें कीं, पाठविणारास शब्दागणिक पैसे मोजावे लागत. दुसऱ्याच्या घरची शांतता मोडावयाची तर तिचें मोल आधीं आपण द्यावयाचें, असा तो व्यवहार होता. संगणकाच्या वर्दीनें हा व्यवहार उलटा केला. पाठविणारास ती जवळजवळ फुकट पडते. मोल देतो तो घेणारा, आणि तें पैशांत नव्हे तर अवधानांत देतो. फुकट मिळणारी गोष्ट मनुष्य हात राखून वापरीत नाहीं. दुकानाची सवलत, खेळाचा नवा डाव, कोणाच्या छायाचित्रावर कोणाचा शेरा, अशा शेंकडों गोष्टी जांवयाच्या ऐटींत थेट माजघरांत येऊं लागल्या, ह्याचें मूळ येथें आहे.

हें मोल किती पडतें ह्याचा विचार विद्वानांनींहि केला आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेंतील प्राध्यापिका ग्लोरिया मार्क ह्यांनीं सहकाऱ्यांसह २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कामांत व्यत्यय आलेलीं माणसें काम अपुरें टाकीत नाहींत, उलट घाईनें तें लवकर उरकतात. परंतु त्यांचा ताण, वैताग आणि ओढाताण वाढते, असें त्यांत आढळलें. पुढें २०१२ सालच्या प्रयोगांत १३ नोकरदारांची ई-मेल पांच कामाचे दिवस बंद ठेवण्यांत आली. तेव्हां तीं माणसें एकेका कामावर अधिक वेळ टिकूं लागलीं, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या मोजणीवरून त्यांचा ताणहि उतरलेला दिसला. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं याहून सूक्ष्म गोष्ट दाखविली. फोनवर आलेली वर्दी उघडून न पाहतांहि, केवळ तिच्या आवाजानें किंवा कंपनानें, हातांतल्या एकाग्रतेच्या कामांत चुका वाढतात. 'आम्ही त्या चौकटीकडे लक्षच देत नाहीं' असें म्हणणारांनीं ह्या शेवटल्या प्रयोगाचा विचार करावा. पाहुणा परत गेला तरी दार वाजलें तें वाजलेंच, आणि जपाची माळ कोणत्या मण्यावर होती हें पुन्हां आठवावें लागतेंच.

माजघर, ओटी आणि दिंडी

पुष्कळ घरीं मायक्रोसॉफ्टची विंडोज ही प्रणाली असते, म्हणून तिचेंच उदाहरण घेऊं. २०१५ सालच्या विंडोज १० मध्यें वर्द्या आणि झटपट वापरावयाचीं बटणें हीं एकाच खोलींत होतीं. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलेल्या विंडोज ११ नें त्यांच्या दोन खोल्या केल्या. कळफलकावरील विंडोजचें चिन्ह असलेली कळ धरून 'एन' हें अक्षर दाबलें कीं वर्द्यांची खोली उघडते. तीच कळ धरून 'ए' दाबलें कीं बटणांची खोली उघडते. हिलाच क्विक सेटिंग्ज म्हणतात. ज्यांच्या घरीं अद्याप विंडोज १० आहे त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. दाराचा बंदोबस्त करावयाचा तर भिंतहि धड असली पाहिजे.

वर्द्यांचा कारभार पाहण्यासाठीं सेटिंग्ज उघडावें, त्यांत सिस्टिम व त्यांत नोटिफिकेशन्स. तेथें वर्दी देणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाचें नांव एकाखालीं एक लिहिलेलें सांपडेल. एखाद्या नांवावर टिचकी मारली कीं त्याचे बारीक पर्याय दिसतात. त्यांपैकीं दोन मुख्य होत. पहिला 'बॅनर', म्हणजे काम चालूं असतां डोळ्यांपुढें सरकत येणारी चौकट; हें आपलें माजघर. दुसरा 'नोटिफिकेशन सेंटर', म्हणजे जेथें वर्दी निमूट पडून राहते आणि आपण सवडीनें पाहतों ती खोली. ही आपली ओटी. दोन्ही ठेवले तर पाहुणा माजघरांत येतो. बॅनर बंद करून दुसरा ठेवला तर तो ओटीवर थांबतो. आणि त्या नांवापुढील मुख्य बटणच बंद केलें तर तो दिंडींतून परत जातो. आवाज असावा कीं नसावा ह्याचें बटणहि तेथेंच आहे.

यादी घेऊन बसल्यावर प्रत्येक नांवास एकच प्रश्न विचारावा: हें मला तासाभरानें कळलें तर कांहीं बिघडेल काय? बिघडत असेल तर माजघर. तासाभरानें चालेल, पण कळलें पाहिजे, असें असेल तर ओटी. कळलेंच नाहीं तरी कांहीं अडत नसेल तर दिंडी. आमचा अनुभव असा कीं, माजघराचे मानकरी चार-पांचांहून अधिक निघत नाहींत: दिनदर्शिकेंतील स्मरण, औषधाची वेळ, घरच्या माणसांचा निरोप, आणि नोकरीवर असलेल्यास कचेरींतील वरिष्ठांचें बोलावणें. ह्याच पानाच्या अगदीं तळाशीं विंडोजकडून मिळणाऱ्या 'टिप्स' आणि 'सजेशन्स' ह्यांच्या चौकटी आहेत. घर बांधणाराच अधूनमधून दाराशीं येऊन नव्या सोयी सांगूं लागला, तर तोहि त्या वेळेपुरता फिरस्ताच होय. त्या चौकटींतील खुणा निःशंकपणें काढाव्या.

'डू नॉट डिस्टर्ब' म्हणून आणखी एक बटण आहे. तें लावलें म्हणजे आलेल्या वर्द्या नाहींशा होतात असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. त्या सर्व मुकाट्यानें ओटीवर जाऊन बसतात. हें बटण ठराविक वेळीं आपोआप लागावें अशीहि योजना करतां येते. सायंकाळीं सात ते नऊ मुलें अभ्यासास बसत असतील तर तेवढा वेळ लावून द्यावा. त्याच जागीं 'प्रायॉरिटी' ह्या नांवाची एक यादी आहे. तिच्यांत घातलेले कॉल, स्मरणें व कार्यक्रम हे मौनांतहि आंत येऊं शकतात. ज्यांचा मुलगा वा मुलगी न्यू जर्सीस किंवा लंडनला आहे त्यांनीं ही यादी न विसरतां भरावी. न्यू जर्सीची सकाळ ती आपली संध्याकाळ. आजीनें ज्या हाकेची आठवडाभर वाट पाहिली तीच नेमकी अभ्यासाच्या मौनांत हरवावी, असें होऊं नये.

वृद्ध वाचकांसाठीं येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों. ती चौकट पडद्यावर मुळांत पांचच सेकंद राहते. चष्मा शोधून तो डोळ्यांवर चढवीपर्यंत ती नाहींशी होते, आणि मग 'काय होतें तें?' म्हणून जीव टांगणीस लागतो. सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटी ह्या भागांत व्हिज्युअल इफेक्ट्स म्हणून पान आहे. तेथें हा काळ पांच सेकंदांपासून पांच मिनिटांपर्यंत वाढवितां येतो. अर्ध्या मिनिटाचा काळ ठेवला तर सावकाश वाचून होतें.

मागील दार

येथवर सांगितलें तें पुढील दाराचें. घरास एक मागील दारहि असतें, आणि चोर बहुधा त्याच वाटेनें येतो. संगणकाचें मागील दार म्हणजे ब्राउझर. एखादें संकेतस्थळ उघडलें कीं वरच्या कोंपऱ्यांत एक प्रश्न उमटतो: हें स्थळ तुम्हांस वर्दी पाठवूं इच्छितें, 'अ‍ॅलाउ' कीं 'ब्लॉक'? पाककृति किंवा पंचांग पाहण्याच्या घाईंत असलेला मनुष्य तो अडथळा दूर व्हावा म्हणून पहिलें बटण दाबतो. त्या क्षणीं त्यानें एका अनोळखी इसमास वाटेल तेव्हां माजघरांत शिरण्याचा परवाना दिलेला असतो. हा परवाना तें पान बंद केल्यानें संपत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेली हकीकत सांगण्याजोगी आहे. घरांतील वडीलधाऱ्या गृहस्थांच्या पडद्यावर रोज दुपारीं लाल अक्षरांत वर्दी येऊं लागली: 'तुमच्या संगणकांत विषाणु शिरले आहेत, ताबडतोब ह्या क्रमांकावर फोन करा.' चार दिवस सोसून पांचव्या दिवशीं त्यांनीं फोन हातीं घेतला. तेवढ्यांत त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, थोडें थांबा, ही चौकट कोणाच्या नांवची आहे तें आधीं पाहूं." चौकटींत ब्राउझरचें नांव होतें, आणि त्यालगत एका भलत्याच संकेतस्थळाचा पत्ता होता. विषाणु संगणकांत नव्हता. भय दाखवून पैसे उकळूं पाहणारा भामटा दाराशीं उभा होता, आणि त्यास आंत येण्याचा परवाना कधींतरी घरांतूनच मिळाला होता. सूनबाईंनीं तो परवाना काढून घेतला. त्यानंतर ती वर्दी पुन्हां आली नाहीं.

हें काढून घेणें कसें करावयाचें? क्रोम ब्राउझरमध्यें उजवीकडील तीन टिंबांवर टिचकी मारून सेटिंग्ज, त्यांत प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यांत साइट सेटिंग्ज व शेवटीं नोटिफिकेशन्स, अशा क्रमानें जावें. ज्यांस परवाना दिलेला आहे अशा स्थळांची यादी तेथें दिसते. ओळख नसलेलीं सर्व नांवें काढून टाकावींत. ह्यापुढें कोणत्याहि स्थळानें विचारूंच नये असा पर्यायहि तेथेंच आहे, आणि घरांतील सामाईक संगणकावर तोच लावून ठेवावा असें आम्ही आग्रहानें सांगतों. ब्राउझर करणाऱ्यांसहि हा उपद्रव कळला आहे. २०२० सालच्या आरंभीं फायरफॉक्सनें, वाचकानें पानावर कांहींएक कृति केल्यावांचून हा प्रश्न डोळ्यांपुढें येऊं नये अशी व्यवस्था केली, आणि त्याच सुमारास क्रोमनेंहि तो प्रश्न सौम्य रीतीनें मांडण्याची सोय केली. तथापि परवाना एकदां देऊन ठेवला असेल तर तो ज्याचा त्यानेंच काढावा लागतो.

एक खूण मात्र सर्वांनीं पाठ करून ठेवावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोनचा क्रमांक कधींच नसतो. तसें त्या कंपनीनेंच जाहीर केलेलें आहे. तेव्हां इशाऱ्यासोबत क्रमांक दिसला कीं तो इशारा खोटा समजावा. एवढें करूनहि कोणी फसलाच, आणि पैसे गेले, तर लाजेनें गप्प न बसतां विनाविलंब १९३० ह्या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे अडवून धरण्याचा संभव पहिल्या कांहीं घटकांतच अधिक असतो.

एक पडदा, अनेक माणसें

एकत्र कुटुंबांत संगणक पुष्कळदां एकच असतो व तो बैठकींत असतो. अशा घरीं वर्दीचा प्रश्न केवळ एकाग्रतेचा राहत नाहीं, मर्यादेचाहि होतो. मोठ्या दिरांच्या वेतनाचा आंकडा, वहिनींच्या तपासणीचा अहवाल, घरच्या मुलीस सांगून आलेल्या स्थळाचें उत्तर, अशा गोष्टी ज्याच्या त्यानें योग्य वेळीं योग्य त्या माणसास सांगावयाच्या असतात. त्या शेजारी बसले असतां पडद्याच्या कोंपऱ्यांतून वाचल्या जाव्या, हें कोणासहि रुचणार नाहीं. फोन लिंक नांवाच्या कार्यक्रमानें हातांतला फोन संगणकास जोडलेला असेल तर फोनवरील वर्द्याहि पडद्यावर उमटूं शकतात. त्यांत पेढीचा एक वेळचा गुप्त अंकहि असूं शकतो.

ह्यावर तीन उपाय आहेत. संगणकावर प्रत्येकाचें स्वतंत्र खातें असावें. विंडोज प्रत्येक खात्याच्या वर्द्यांची व्यवस्था वेगळी ठेवते, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्यापुढें येत नाहीं. जागेवरून उठतांना विंडोजची कळ धरून 'एल' दाबावें; पडद्यास कुलूप लागतें. तिसरें असें कीं, कुलूप लागलेल्या पडद्यावरहि वर्द्या दिसूं शकतात, त्या नोटिफिकेशन्सच्या पानावरून बंद कराव्या. ज्या शिक्षक-शिक्षिका घरून दूरस्थ वर्ग घेतात व आपला पडदा विद्यार्थ्यांस दाखवितात, त्यांनीं वर्गापूर्वीं डू नॉट डिस्टर्ब हातानें लावण्याची संवय ठेवावी. प्रक्षेपकावर पडद्याची हुबेहूब प्रत दाखवितांना तें आपोआप लागावें असा पर्याय आहे. दूरस्थ वर्गांत मात्र त्यावर विसंबून राहूं नये.

हाताशीं असणारीं बटणें

आतां दुसऱ्या खोलीविषयीं थोडें. आवाज व नेट ह्यांच्या चिन्हांवर टिचकी मारली तरी ती उघडते. वाय-फाय, ब्लूटूथ, विमान-स्थिति, रात्रीचा प्रकाश अशीं बटणें तेथें असतात, व आवाजाची पट्टी असते. पडद्याची उजेड कमी-जास्त करण्याची पट्टी मात्र मेजावरच्या संगणकांत बहुधा दिसत नाहीं; तेथें ती कामगिरी पडद्याच्या चौकटीवरील बटणांकडे असते. पट्टी दिसत नाहीं म्हणून यंत्र बिघडलें असें समजूं नये.

दोन बटणांविषयीं सावध असावें. विमान-स्थितीचें बटण चुकून दाबलें गेलें कीं वाय-फाय व ब्लूटूथ दोन्ही बंद पडतात, आणि 'नेट गेलें' म्हणून घरांत ओरड होते. तक्रार करण्यापूर्वीं हें बटण पाहावें. तसेंच, ज्यांचा माउस व कळफलक ब्लूटूथवर चालतात त्यांनीं तेथून ब्लूटूथ बंद करूं नये. बाण जागच्या जागीं खिळतो आणि तें बटण परत लावावयास हातांत कांहींच उरत नाहीं. अशा घरीं तारेचा एक साधा माउस फडताळांत ठेवलेला असावा. उलट, रात्रीचा प्रकाश हें बटण उपयोगी आहे. त्यानें पडद्यावरचा निळसर झोत कमी होऊन उबदार छटा येते. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तें आपोआप लागावें अशीहि सोय आहे. नित्य लागणारीं बटणें ओढून वर आणतां येतात. २०२४ च्या आवृत्तीपूर्वींच्या विंडोज ११ मध्यें त्यासाठीं आधीं पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारावी लागे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशास? सगळ्या वर्द्या एकदम बंद कराव्या म्हणजे झालें. हें दुसरें टोक आम्हांस पसंत नाहीं. पहारेकरी काढून दारास कायमचें कुलूप ठोकलें तर फिरस्ता येणार नाहीं हें खरें. पण वीज-आकाराच्या शेवटच्या दिवसाचें स्मरण, परीक्षेच्या अर्जाची मुदत, आजाऱ्याचा निरोप, हींहि बाहेरच राहतील. गृहस्थाश्रम हा संन्यास नव्हे. येणारांस तोंड देणें हा त्याचा धर्मच आहे. मात्र कोणास केव्हां भेटावें ह्याचें तारतम्य त्यानें सोडतां कामा नये.

हें तारतम्य एकट्यानें ठरवूं नये. येत्या एखाद्या रविवारीं दुपारच्या जेवणानंतर घरांतील सर्वांनीं संगणकापुढें अर्धा तास बसावें. चिरंजिवांनीं यादी उघडावी, प्रत्येक नांव मोठ्यानें वाचावें, आणि घरच्या वडिलांपासून शाळेंत जाणाऱ्या नातीपर्यंत ज्याला जें सांगावयाचें असेल तें त्यानें सांगावें: हा माजघरांत, हा ओटीवर, हा दिंडींतून परत. बटणें कोठें आहेत हें मुलांस अधिक ठाऊक असतें, आणि कोणास आंत घ्यावें हें वडिलांस अधिक कळतें. दोघांनीं मिळून केल्यास पहारा चोख होतो.